सोलापुरातून पॅडल खेळायचंय? कोर्ट शोधण्यापासून स्लॉट पक्का करण्यापर्यंत

पॅडल हा काचेच्या भिंतींत खेळायचा टेनिससारखा खेळ. त्याला चार माणसं, चार रॅकेट, तीन चेंडू आणि एक काचेचं कोर्ट लागतं. माणसं जमतात, रॅकेट भाड्याने मिळतात, अडतं ते कोर्टापाशी. १९६९ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्को इथे एन्रिके कॉर्क्वेरा यांनी घरच्या आवारातल्या भिंतींचा उपयोग करून हा खेळ रचला. १९७४ मध्ये तो स्पेनमधल्या मार्बेयाला पोचला आणि पुढे स्पेन आणि अर्जेंटिनात घरोघरी गेला. तिथे ॲप उघडलं की जवळचं कोर्ट, मोकळी वेळ आणि भाडं समोर येतं, आणि ते बहुधा खरंही असतं. आपल्याकडे खेळ नवा आहे. नकाशावर नाव दिसतं पण जागेवर अजून पाया खोदलेला असतो. ॲपवर पॅडल लिहिलेलं असतं आणि गेल्यावर पिकलबॉल हा दुसराच खेळ निघतो. म्हणून सुरुवातीलाच एक नियम करून टाका: कोर्टवाल्याशी फोनवर नीट बोलणं झाल्याशिवाय एक रुपयाही भरायचा नाही.

खरं कोर्ट ओळखायचं कसं

शोधायला लागण्याआधी काय शोधायचं ते डोळ्यांसमोर पक्कं हवं. पॅडलचं कोर्ट आतून २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं, म्हणजे साधारण ६६ बाय ३३ फूट. मधोमध जाळं, ते मध्यभागी ८८ सेंटीमीटर आणि दोन्ही टोकांना ९२ सेंटीमीटर उंच. दोन्ही मागच्या बाजूंना ३ मीटर उंच काच आणि तिच्यावर १ मीटर धातूची जाळी. ही काच दोन्ही कोपऱ्यांतून वळून बाजूलाही थोडी पुढे येते, तिथून पुढे जाळी लागते. सर्व्हिसची रेषा जाळ्यापासून ६.९५ मीटरवर. खाली कृत्रिम गवत आणि त्यात भुरभुरलेली बारीक वाळू.

यातली काच सगळ्यात महत्त्वाची. जमिनीवर एक टप्पा पडून काचेवरून परत आलेला चेंडू मारणं हाच पॅडलचा गाभा आहे. बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर मध्ये जाळं बांधलं तर ते पॅडल होत नाही, कारण नायलॉनच्या जाळीत चेंडू अडकतो, परत येत नाही. काचेऐवजी प्लास्टर केलेली भिंत चालते, नियमांतही बसते, फक्त ती गुळगुळीत आणि ओळंब्यात हवी.

पिकलबॉलचं कोर्ट ४४ बाय २० फुटांचं, म्हणजे बरंच लहान असतं. त्याला भिंती नसतात आणि चेंडू प्लास्टिकचा, भोकं असलेला असतो. पॅडलमध्ये उलटं: भोकं रॅकेटला, चेंडू टेनिससारखा लोकरी. फोटोत एवढं बघितलं तरी निम्मा घोळ मिटतो.

शोध कुठून सुरू करायचा

गूगल मॅप्सवर मराठीत ‘पॅडल’ टाकलं तर पिकलबॉलच्या जागाच जास्त येतात, कारण पिकलबॉलच्या बॅटलाही पॅडलच म्हणतात. शोधताना इंग्रजी अक्षरांत पी, ए, डी, ई, एल असं लिहा. दोन डी लिहिलेत की गाडी चुकीच्या रस्त्याला लागली. सोबत सोलापूर, मग पुणे, मग हैदराबाद असं एकेक शहर जोडून बघा.

त्यानंतर ॲप. भारतात मैदानं आणि कोर्ट बुक करायला प्लेओ, हडल, खेलोमोर ही ॲप्स वापरात आहेत. परदेशात स्पेनचं प्लेटॉमिक जास्त चालतं. ॲपमध्ये ठिकाण आपोआप घेऊ देऊ नका, शहर स्वतः निवडा. मग खेळाच्या यादीत पॅडल निवडा. नुसतं ‘रॅकेटचे खेळ’ निवडलं तर बॅडमिंटनचे हॉलही त्यात मिसळतात. एका ॲपवर काही सापडलं नाही म्हणून हातपाय गाळू नका. नवीन कोर्टवाला बहुधा एकाच ॲपवर असतो, आणि अनेक जण सुरुवातीचे काही महिने कुठल्याच ॲपवर न जाता व्हॉट्सॲपवरच बुकिंग घेतात.

म्हणून तिसरी जागा इन्स्टाग्राम. नवं कोर्ट पहिल्यांदा तिथेच दिसतं. पण मालकाने टाकलेल्या चित्रांपेक्षा खेळायला आलेल्यांनी टॅग केलेले फोटो बघा. संगणकावर तयार केलेलं चित्र आणि खरा फोटो यांत फरक करायला शिका. चित्रात काच चकचकीत, गवत एकसारखं हिरवं आणि माणूस एकही नसतो. खऱ्या कोर्टाच्या काचेवर चेंडूचे ठसे असतात, कोपऱ्यात वाळू साचलेली असते, बाकावर कुणाची तरी पाण्याची बाटली असते. शेवटची रील जुनी असेल तर कोर्ट चालू आहे की नाही, ते आधी विचारा.

आणि सोलापुरात सगळ्यात भरवशाची चौकशी अजूनही तोंडीच होते. होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर या भागांतल्या टर्फवाल्यांना विचारा. जागा कुणी घेतली, काचा कुणाच्या प्लॉटवर उतरल्या, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. टेनिसचे कोच आणि खेळाच्या सामानाची दुकानं हा दुसरा दुवा. रॅकेटचं गिऱ्हाईक कुठून येतंय हे दुकानदाराला ठाऊक असतं. एखादं कोर्ट क्लबच्या किंवा गृहसंकुलाच्या आवारात निघालं तर बाहेरच्यांना प्रवेश आहे का, पाहुणा म्हणून यायचं तर सदस्य सोबत लागतो का, हे त्याच फोनवर विचारून घ्या.

फोनवर काय विचारायचं

फोन शक्यतो दुपारी करा. संध्याकाळी कोर्टवर गर्दी असते आणि उचलणारा माणूस घाईत ‘हो हो, या’ म्हणून मोकळा होतो. सुरुवात साधी ठेवा: “मालक, पॅडलचं कोर्ट चालू आहे का? मागं काच आहे का जाळी?” या एका प्रश्नावर समोरच्याला खेळ माहीत आहे की नाही ते कळतं. ‘काच’ म्हटल्यावर तो अडखळला तर व्हॉट्सॲपवर आजचा व्हिडिओ मागवा, फोटो नको. व्हिडिओत कोर्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसलं पाहिजे.

मग छताचं विचारा. शेडखालचं कोर्ट ऊन-पावसाला उत्तम, पण खेळायच्या जागेवर किमान ६ मीटर मोकळी उंची लागते. पॅडलमध्ये विरोधकाच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकणं हा रोजचा फटका आहे. जुन्या गोदामात बसवलेल्या कोर्टात पत्र्याची कैची खाली आली असेल तर तो फटका मारताच येत नाही. उघडं कोर्ट असेल तर ते कुठल्या दिशेला लांब आहे ते विचारा. उत्तर-दक्षिण असेल तर चांगलं. पूर्व-पश्चिम असेल तर सकाळी आणि सायंकाळी एका जोडीच्या डोळ्यांवर सरळ ऊन येतं. मग प्रत्येक गेमनंतर बाजू बदलायची असं आपसात ठरवून घ्या.

यानंतर सामान. भाड्याची रॅकेट किती आहेत? दोनच असतील तर चौघांचा खेळ होणार नाही, आणि ‘रॅकेट मिळतील’ या उत्तरात आकडा नसतो, म्हणून आकडाच विचारा. चेंडू पॅडलचे आहेत का? टेनिसचे चेंडू वापरू नका. त्यांच्यातला दाब थोडा जास्त असतो, ते काचेवरून जोरात उसळतात आणि नवख्याला एकही फटका सापडत नाही. उघडून बरेच दिवस झालेला डबाही तितकाच निकामी, कारण चेंडूतला दाब हळूहळू जातो आणि तो मरतो. नवा डबा घेऊन जाणं परवडतं.

शेवटी विजेचं. रात्रीचा स्लॉट असेल तर जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर कोर्टाचे दिवे चालतात की फक्त ऑफिसचे? वीज गेली तर गेलेला वेळ वाढवून देणार की पैसे परत? पाऊस आला तर? ही उत्तरं फोनवर मिळाली की लगेच मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि त्यावर ‘ओके’ घ्या.

वेळ निवडताना सोलापूरचं ऊन विसरू नका

मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत सोलापुरात दुपारी उघड्या कोर्टवर खेळू नका, भाडं निम्मं केलेलं असलं तरी. काचेमुळे वारा अडतो, कृत्रिम गवत तापतं आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त भाजते. एप्रिल-मे मध्ये सकाळी ६ ते ८, नाहीतर रात्री ८ नंतर. तापलेल्या चेंडूतला दाबही वाढतो. तो जास्त उसळतो, खेळ हाताबाहेर जातो.

पावसाळ्यात अडचण गवतापेक्षा काचेची. ओल्या काचेवर चेंडू आपटून परत न येता खाली घसरतो, आणि भिजल्याने जड होतो. पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी काच कोरडी केली नसेल तर खेळायला मजा येत नाही. कोर्टवर काच पुसायचा वायपर आहे का, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी जून ते सप्टेंबर तो विचाराच. हिवाळ्यात पहाटे काचेवर दव दिसलं तर तोच वायपर कामाला येतो.

गर्दीची वेळ सगळीकडे सारखीच: कामाच्या दिवशी संध्याकाळी ६ ते रात्री १०, आणि शनिवार-रविवारची सकाळ. भाडंही तेव्हा चढं. पहिल्यांदा खेळणाऱ्यांनी कामाच्या दिवशी सकाळचा स्लॉट घ्यावा. भाडं कमी, बाहेर वाट बघत उभी माणसं नाहीत, आणि पुढचा स्लॉट रिकामा असेल तर पाच-दहा मिनिटं वाढवूनही मिळतात.

६० मिनिटं घ्यायची की ९०? परदेशात ९० मिनिटांचा रिवाज आहे आणि त्याला कारण आहे: तीन सेटचा सामना बहुधा तेवढ्यात बसतो. पण चौघंही नवखे असतील तर ६० मिनिटं पुरेत. पहिली १५ मिनिटं फक्त काचेवरून येणारा चेंडू घ्यायचा सराव, उरलेल्या वेळात एक सेट.

चार माणसं आणि हिशोब

पॅडलचं मोठं कोर्ट चौघांसाठीच आहे. तिघं आले तर खेळ फसतो, दोघंच आले तर तिरप्या अर्ध्या कोर्टात सराव करता येतो, सामना नाही. एकास एक खेळायचं ६ मीटर रुंदीचं कोर्ट क्वचितच असतं. त्यामुळे कोर्ट ठरवायच्या आधी माणसं ठरवा, आणि पाचवा एक राखीव ठेवा ज्याला ऐनवेळी बोलावलं तर तो येईल.

पैसे आधी गोळा करा. समजा तासाचं भाडं १,६०० रुपये, चार रॅकेट प्रत्येकी १०० रुपये आणि चेंडूंचे ४०० रुपये. एकूण २,४०० रुपये, माणशी ६००. ॲपवरून बुक केलं तर शेवटच्या पानावर सुविधा शुल्क आणि कर वेगळा जोडला जातो, तोही चौघांत वाटा. हा हिशोब ग्रुपवर टाकून यूपीआयने पैसे आले की मगच बुकिंग करा. जो बुक करतो त्याच्या खिशाला सगळा खर्च बसायचा आणि एक जण ऐनवेळी ‘मामांकडं जावं लागलं’ म्हणायचा, हे टाळायचा दुसरा उपाय नाही.

चौथा मिळतच नसेल तर ॲपवर दुसऱ्यांनी उघडे ठेवलेले खेळ बघा. प्लेओवर असा खेळ ठेवता येतो आणि त्यात सामीलही होता येतं. तिथे आपली पातळी खरी सांगा. नवखा असाल तर ‘नवखा’ असंच लिहा. वर्षभर खेळणाऱ्या तिघांत जाऊन तुम्हालाही आनंद नाही आणि त्यांनाही नाही. टेनिस किंवा बॅडमिंटन चांगलं खेळत असाल तरी पॅडलमध्ये काचेची सवय नसेपर्यंत नवखेच समजा.

बुकिंग पक्कं करताना

ॲपवर तारीख, वेळ आणि कोर्ट क्रमांक निवडला की पैसे भरण्याआधी एकदा थांबा आणि रद्द करण्याचे नियम उघडून वाचा. कुठे २४ तास आधी रद्द केलं तर पूर्ण पैसे मिळतात, कुठे १२ तास, कुठे पैसे परतच नाहीत, फक्त पुढच्या स्लॉटसाठी जमा राहतात. सोलापुराहून पुण्याला जाऊन खेळणार असाल तर या एका ओळीवर सगळं अवलंबून आहे.

रात्री बाराचा घोळ सगळ्यात जास्त माणसांना नडतो. शनिवारी रात्री १२ ते १ खेळायचं असेल तर ॲपमध्ये तारीख रविवारची निवडावी लागते, कारण बारा वाजले की वार बदलतो. शनिवारची तारीख निवडून १२ चा स्लॉट घेतला तर तो शुक्रवारी रात्रीच होऊन गेलेला असतो. व्हॉट्सॲपवर बुक करताना तर ‘शनिवारी रात्री १२’ याचे दोघंही दोन अर्थ लावतात.

व्हॉट्सॲपवरचा मेसेज म्हणून असा लिहा: “पॅडल कोर्ट, दि. १४, शनिवार, संध्याकाळी ७ ते ८, चार जण, चार रॅकेट, ॲडव्हान्स ५०० रुपये यूपीआयने दिले, भाड्याचे बाकी ११०० आणि रॅकेटचे ४०० जागेवर. पाऊस किंवा वीज गेल्यास दुसरा स्लॉट.” खाली पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट. यूपीआय करताना स्क्रीनवर येणारं नाव कोर्टाचं किंवा मालकाचं आहे ना ते बघा. तिसरंच नाव आलं तर पैसे न भरता फोन करा. आणि पहिल्यांदा जात असाल तर पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका.

खेळायच्या दिवशी निघण्याआधी दोन तास पुन्हा फोन करा. कोर्टवाला वहीत आणि ॲपमध्ये असं दोन्हीकडे बुकिंग घेत असेल तर एकच स्लॉट दोघांना गेलेला असू शकतो. ही चूक दोन तास आधी कळली तर मार्ग निघतो.

पुण्याला जाऊन खेळायचं तर

पुणे साधारण २५० किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी लवकर निघते आणि संध्याकाळी पुण्याहून परत फिरते, त्यामुळे एका दिवसात जाऊन खेळून येणं जमतं. वंदे भारत जास्त वेगाची, पण ती आठवड्यातून एक दिवस नसते. आधी वेळापत्रक बघा, मग स्लॉट.

स्लॉट गाडी पोचायच्या वेळेनंतर किमान दोन तासांनी घ्या. गाडीला उशीर होऊ शकतो आणि स्टेशनवरून बाणेर-बालेवाडीकडे जायला पुण्याच्या वाहतुकीत तासभर सहज लागतो. मोटारीने जात असाल तर सोलापूर रस्त्याने तुम्ही हडपसरच्या बाजूने शहरात शिरता. अशा वेळी हडपसर, खराडी, मुंढवा या पूर्वेकडच्या भागांत कोर्ट शोधा. पश्चिमेचं कोर्ट थोडं स्वस्त दिसलं तरी शहर ओलांडण्यात तो फायदा विरून जातो.

एवढं लांब जाऊन ६० मिनिटांसाठी खेळू नका. ९० मिनिटं किंवा सलग दोन तास घ्या आणि पहिल्या अर्ध्या तासाला कोच मिळेल का विचारा. नवख्या चौघांनी एकमेकांना शिकवत बसण्यापेक्षा ते पैसे सार्थकी लागतात. कोचचं शुल्क कोर्टाच्या भाड्यात धरलेलं नसतं, ते वेगळं ठरवा.

हैदराबादही त्याच राष्ट्रीय महामार्ग ६५ वर आहे, पण ३०० किलोमीटरच्या वर. तिकडे दुसरं काम किंवा नातेवाईक असतील तरच.

कोर्टवर पोचल्यावर

पंधरा मिनिटं आधी पोचा आणि खेळायच्या आधी कोर्टाला एक फेरी मारा. काचेला तडा आहे का, जाळीची तार कुठे बाहेर आली आहे का, काच आणि जाळीच्या जोडावर धार आहे का. चेंडूमागे धावताना हात सगळ्यात आधी तिथेच आपटतो. वाळू एका जागी ढिगाने पडली असेल तर झाडून पसरायला सांगा. तिच्यावरून पाय सटकतो.

बूट टेनिसचे किंवा नागमोडी खाचांचे हवेत. बॉक्स क्रिकेटचे खिळ्यांचे बूट चालत नाहीत, गवत फाटतं आणि कोर्टवाला दारातूनच परत पाठवतो. धावायच्या बुटांची टाच उंच असते, बाजूला वळताना घोटा मुरगळतो. रॅकेटची दोरी मनगटात अडकवल्याशिवाय खेळू नका; नियमानेच ती सक्तीची आहे, आणि बंद कोर्टात हातातून सुटलेली रॅकेट थेट जोडीदारावर जाते.

नियम थोडक्यात: सर्व्हिस खालून, चेंडू आधी जमिनीवर आपटून, कमरेच्या उंचीपर्यंतच, समोरच्या तिरप्या चौकोनात. तिथे टप्पा पडून चेंडू काचेला लागला तर चालतो, जाळीला लागला तर सर्व्हिस चुकली. फटका समोरच्या बाजूला आधी जमिनीवरच पडला पाहिजे. थेट त्यांच्या काचेवर गेला तर गुण त्यांचा. स्वतःच्या काचेवर मारून चेंडू पलीकडे पाठवता येतो. गुण टेनिससारखेच.

ठरलेला स्लॉट बांधून घेणं

दोन-तीनदा खेळून ग्रुप टिकतोय असं दिसलं की ॲप सोडा आणि मालकाशी थेट बोला. आठवड्याचा ठरलेला वार आणि वेळ महिनाभरासाठी घेतली तर बरेच जण भाडं कमी करतात, कारण कामाच्या दिवसातले सकाळचे स्लॉट त्यांनाही रिकामे नको असतात. घासाघीस भाड्यावर करा, पण त्याहून जास्त अटींवर: महिन्यातला एक दिवस चुकला तर तो पुढच्या महिन्यात मिळेल का, स्पर्धेसाठी कोर्ट बंद ठेवलं तर किती दिवस आधी कळवणार, परीक्षेच्या किंवा गड्डा यात्रेच्या दिवसांत गाडी थांबवायला जागा मिळेल का.

तोवर स्वतःचं रॅकेट घेऊ नका. घ्यायची वेळ आली की गोल डोक्याचं, ३५० ते ३७० ग्रॅम वजनाचं बघा. हिऱ्याच्या आकाराचं रॅकेट जोरदार फटक्यांसाठी असतं. नवख्या हातात ते डोक्याकडे जड लागतं आणि कोपर दुखायला लागतं.